भोरड्यांचा हिशेब

(जिल्हा बैठकीत केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



सकाळपासून कापसाचा भाव आणि वजनकाटा यावर बोलणे झाले. जेवणाआधीचा थोडा वेळ माझ्या वाट्याला आला आहे आणि विषय आहे पाखरांचा. विषय ऐकून मागची काही मंडळी हसली, ते मी पाहिले. हसा, पण उठू नका.

मागच्या बैठकीत एका मावशींनी विचारले होते, ‘परसात यंदा कधी न पाहिलेले पाखरू येते. काळे आहे, पोट विटकरी, आणि शेपटी सारखी थरथरते. थंडी पडल्यापासून रोज न्हाणीच्या दगडावर बसते. शुभ समजायचे की अशुभ?’ मावशी बसतात न बसतात तोच मागून एक भाऊ म्हणाले, ‘त्या पाखराचे राहू द्या, भोरड्यांचे काय करायचे ते सांगा. हुरडा हाताला लागू देत नाहीत.’ त्या दिवशी वेळ संपला होता. दोन्ही प्रश्न एकाच गाडीतले आहेत म्हणून आज एकत्र घेतो.

आधी मावशींचे पाखरू. त्याला थिरथिरा म्हणतात. शेपटी थरथरते म्हणून थिरथिरा, नावातच ओळख आहे. नर काळा आणि पोटाला विटकरी. मादी मातकट, तिची फक्त शेपटी तांबूस. वजन म्हणाल तर दीड तोळ्याच्या आत. हे एवढेसे पाखरू हिमालयातून आणि त्याच्याही पलीकडच्या डोंगराळ मुलखातून आपल्या न्हाणीपर्यंत येते. एकदा जागा धरली की बहुधा हिवाळाभर ती सोडत नाही. भिंतीच्या फटीतले किडे, मुंग्या, कोळी खाते आणि उन्हाळा लागायच्या आत निघून जाते. शुभ-अशुभाचे मला कळत नाही; शेतकी कॉलेजात तो विषय नव्हता. पण ते तुमच्या घरचा एक दाणाही खात नाही, एवढे मी सांगू शकतो.

असे पाहुणे पुष्कळ आहेत. खळ्यावर शेपूट खालीवर करत पळणारा धोबी, ज्याला कोणी परीट म्हणतात, तो थंडीतलाच. माळावर जमिनीसरशी तरंगत जाणारा भोवत्या नावाचा शिकारी पक्षी, तोही थंडीतलाच. बाभळीच्या उंचीवरून जातो, कधी तर तुरीच्या शेंड्याला घासून जातो, आणि त्याची नजर असते टोळ, नाकतोडे आणि उंदरांवर. करकोच्यांची रांग आभाळातून ओरडत गेली की आपली म्हातारी माणसे म्हणायची, थंडी आली.

थंडी आली म्हणून पाखरे आली असे आपण म्हणतो. खरे म्हणजे ती थंडीला भिऊन येत नाहीत. पिसांची गोधडी अंगावर असते. पोटात पडत असेल तर पाखरू पुष्कळ गारठा सोसते. पण कझाकस्तानात किंवा मंगोलियात बर्फ पडले की जमीन झाकली जाते, किडा जमिनीत जातो, बी बर्फाखाली जाते आणि दिवस लहान होतो. खायला नाही आणि शोधायला वेळही नाही. म्हणून ती निघतात. आपल्याकडचा ऊसतोड मजूर दसऱ्यानंतर निघतो तशी. हौसेने कोणी घर सोडत नाही.

आता भोरडी. पुस्तकात तिला गुलाबी मैना किंवा पळसमैना म्हणतात. पळस, पांगारा, सावर फुलली की तिथे हिची जत्रा भरते म्हणून ते नाव. अंग गुलाबी, डोके, पंख, शेपूट काळे, डोक्यावर शेंडी. पहिल्या वर्षाचे पिलू मातकट असते, ते पाहून ही निराळी जात आहे असे काहींना वाटते. ती निराळी जात नाही, भोरडीचेच लेकरू आहे.

ही वीण घालते पूर्व युरोपाच्या टोकापासून मध्य आशियातून चीनच्या शिंच्यांग प्रांतापर्यंत, मे-जून महिन्यांत, दगडांच्या ढिगात आणि कपारीत, हजारोंच्या वसाहतीने. आणि घरटे कुठे करायचे ते ठरते टोळ कुठे आहेत त्यावर. टोळांचे आणि नाकतोड्यांचे पीक जिथे जोरात तिथे यंदा वस्ती. पुढच्या साली टोळ नसतील तर दगडांकडे ढुंकूनही पाहायची नाही. पिलांना भरवले जातात ते मुख्यतः टोळच. म्हणून आपल्याकडेही एखाद्या साली भोरड्यांचा पूर येतो आणि एखाद्या साली तुरळक थवे दिसतात. शिंच्यांगमधल्या गवताळ भागात टोळांचा मोठा उपद्रव. तिथे १९८० च्या दशकापासून सरकारी खात्याने मुद्दाम दगडांचे ढीग रचून, विटांच्या भिंती घालून भोरड्यांना घरट्यांची सोय करून दिली. फवारणीच्या औषधापेक्षा हे स्वस्त पडते असा त्यांचा हिशेब.

मौजेची गोष्ट अशी की हाच देश १९५८ साली चिमण्या मारायला निघाला होता. चिमणी दाणा खाते, मग मारा चिमणी. गावेच्या गावे थाळ्या वाजवत चिमण्यांना बसू देत नव्हती. दमून पडली की मारायची. दाणा वाचेल म्हणून सुरू केले आणि किडा माजला. १९६० साली मारायच्या यादीतून चिमणी काढून तिथे ढेकूण घातला. पुढे जो दुष्काळ पडला त्याची कारणे पुष्कळ होती आणि राज्यकर्त्यांची मोठी होती, सगळे चिमणीवर घालू नये. पण हिशेबाच्या वहीचे एकच पान वाचले म्हणजे काय होते ते त्यात दिसते.

तर आपण दोन्ही पाने वाचू. पहिले पान नुकसानीचे, आणि ते मी कमी करून सांगणार नाही. पाखरांवर प्रेम करणारी पुष्कळ शहरी मंडळी ते पान उलटतच नाहीत. संध्याकाळी भोरड्यांचा थवा आभाळात धुरासारखा वळसे घेतो, त्याचे फोटो काढायला मोटारी येतात. फोटो सुंदर येतात. पण तो थवा दिवसभर कोणाच्या दाण्यावर पोसला, हे फोटोखाली लिहिलेले मी अजून वाचले नाही.

भोरडी आपल्याकडे यायला लागते ती श्रावणाच्या आसपासच, म्हणजे थंडीच्या कितीतरी आधी, आणि जाते चैत्र-वैशाखात. वर्षातले आठ-नऊ महिने ती आपल्याकडची. त्यातला वाईट काळ म्हणजे ज्वारी चिकात आल्यापासून काढणीपर्यंतचा, तीन-चार आठवड्यांचा. त्या काळात पहाटे माळ्यावर चढायचे, गोफण फिरवायची, पत्र्याचा डबा बडवायचा, आणि दिवस मावळल्यावर उतरायचे. घसा बसतो, हात भरून येतो. आणि हे काम बहुतेक घरांत बायका आणि पोरे करतात. त्या तीन आठवड्यांत शाळेच्या हजेरीत ज्वारीवाल्या घरची पोरे कमी दिसतात. उत्पादन खर्च काढताना ही राखण कोणी मजुरीने धरली आहे का? आपणसुद्धा धरत नाही.

दुसरे पान. श्रावणापासून थंडीपर्यंत आणि पुन्हा काढणीनंतर भोरडी काय खाते? टोळ, नाकतोडे, अळ्या, वडा-पिंपळाची फळे, पळस-पांगाऱ्याच्या फुलांतला रस. शेळ्या-मेंढ्यांच्या मागे चालत, पायांनी उठलेले किडे टिपते. हरभऱ्यात आणि तुरीत घाटेअळीसाठी पक्षिथांबे लावा, एकरी २० लावा, असे शेतकी खाते तुम्हाला सांगते. हरभऱ्याच्या बियाण्यात मूठभर ज्वारी मिसळा, तिची ताटे म्हणजे आयतेच थांबे, हेही सांगते. त्या थांब्यावर कोण येऊन बसावे अशी अपेक्षा आहे? मैना, साळुंकी, कोतवाल, भोरडी हीच मंडळी. ज्वारीतून हुसकलेले पाखरू शेजारच्या हरभऱ्यात आपण बोलावतो. यात विरोध काही नाही, फक्त वेळेचे भान पाहिजे. हरभऱ्यातले ताट कणीस धरून दाण्यावर येऊ लागले की थांब्याचे काम संपले, ते कापून जनावराला टाकावे.

कापसाच्या भावांसाठी एक खुलासा करतो, म्हणजे मी पाखरांची जाहिरात करतो असा गैरसमज नको. उघड्यावरची अळी आणि नाकतोडा पाखरू टिपते. बोंडाच्या आत बसलेल्या गुलाबी बोंडअळीपुढे भोरडीचे काही चालत नाही. तिच्यासाठी फरदड मोडणे, पऱ्हाट्या वेळेवर काढणे, कामगंध सापळे लावणे हेच करावे लागेल.

आता एक गोष्ट जी सांगायला मला बरे वाटत नाही.

२००४ सालची. पदवी घेऊन थोडेच दिवस झाले होते, बोलण्यात शहाणपण फार होते. आमच्या काकांनी त्या साली दीड एकर ज्वारी उशिरा पेरली. आजूबाजूला सगळा कापूस आणि सोयाबीन. सोयाबीन निघून रान मोकळे. काकूला दमा, ती माळ्यावर चढू शकत नव्हती. राखणीला गडी परवडत नव्हता. काका म्हणाले, ‘तू एवढा शिकलास, या भोरड्यांना काही औषध नाही का?’ मी पारावर बसलो होतो, हसत म्हणालो, ‘कापसाला मारता तेच मोनोक्रोटोफॉस दाण्याला लावून टाका, परत येणार नाहीत.’ गंमतीत म्हणालो होतो. पण पदवीवाल्याची गंमत गंमत राहत नाही. काकांनी तिसऱ्या दिवशी दाणा भिजवून बांधाच्या कडेने टाकला.

सकाळी पाहिले तर चाळीस-पन्नास भोरड्या पडलेल्या. त्यांच्यात होले होते, दोन तितर होते. शेजारच्या आजीच्या तीन कोंबड्या गेल्या. दुपारी बांधाच्या पलीकडे एक भोवत्या पंख पसरून पडलेला दिसला. त्याने मेलेली पाखरे खाल्ली असावीत. हे सगळे एका बाजूला. तेवढ्यात काकू धावत आली. सालगड्याच्या दोन पोरांनी पडलेल्या भोरड्या पिशवीत भरून घरी नेल्या होत्या आणि चुलीवर रटरटत होत्या. काकू दम्याची, पण त्या दिवशी ती वस्तीपर्यंत पळत गेली आणि तिने ते पातेले उकिरड्यावर पालथे केले. पोरांच्या आईला वाटले, आमच्या तोंडचे मटण काढून घेतले. तिने काकूला नाही नाही ते ऐकवले. काकूने उत्तर दिले नाही, माझ्याकडे नुसते पाहिले. पुढच्या सकाळी भोरड्यांचा दुसरा थवा त्याच दीड एकरावर उतरला.

काका आज नाहीत. मी त्यानंतर गंमतीत कुठल्याही औषधाचे नाव घेतलेले नाही. रानातले पाखरू विष घालून मारणे १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे, हे तेव्हाही मला ठाऊक होते. पण कायद्याचे नाव घेऊन मी तुम्हाला भीती घालणार नाही. पातेल्याचे सांगितले, तेवढे पुरे.

या औषधाची पाखरांच्या बाबतीत जगभर गाजलेली एक हकिगत आहे. उत्तर अमेरिकेत स्वेनसन नावाचा एक बाज आहे. तिकडे थंडी आली की तो दक्षिणेला अर्जेंटिनात जातो आणि तिथल्या शेतांत टोळ-नाकतोडे खाऊन राहतो. आपल्या भोवत्यासारखाच धंदा. १९९४ साली कॅलिफोर्नियात काही बाजांच्या पाठीवर उपग्रहाला खूण देणारी यंत्रे बसवली आणि ते कुठे जातात ते पाहिले. माग काढत शास्त्रज्ञ ला पाम्पा प्रांतात पोचले तर शेताशेतांत मेलेल्या बाजांचा सडा. तिथल्या शेतकऱ्यांनी लसूणघास आणि सूर्यफुलावरच्या नाकतोड्यांसाठी मोनोक्रोटोफॉस फवारले होते. १९९५-९६ च्या हंगामात सुमारे २०,००० बाज मेले असावेत असा अंदाज केला गेला. म्हणजे नाकतोडे मोफत खाणारी फौज शेतात उतरली होती, आणि नाकतोड्यांसाठी आणलेल्या औषधाने आधी तिचाच निकाल लावला. तिथल्या सरकारने पुढे त्या औषधावर बंधने घातली. आणि हे पाखरांपुरते नाही, हे या जिल्ह्यात मी सांगावे असे नाही. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन २० हून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले. फवारताना त्यांच्या अंगात जे भिनले त्यात याच जातीची औषधेही होती.

मग करायचे काय? भाऊ मागून खुणा करताहेत, मुद्द्यावर या. येतो.

पाटीवर करून दाखवतो तो हिशेब माझा अंदाजी आहे, आकडे तुम्ही तुमचे घाला. एक भोरडी दिवसाला तोळाभर, म्हणजे साधारण दहा ग्रॅम दाणा खाते असे धरा. हजार पाखरांचा थवा दिवसाला दहा किलो खाईल. वीस दिवसांत २०० किलो, म्हणजे दोन क्विंटल. कोरडवाहू रब्बी ज्वारी एकरी चार क्विंटल पिकली असे धरले तर थव्याने अर्ध्या एकराचे पीक खाल्ले. आता शिवारात १०० एकर ज्वारी असेल आणि सगळी एकाच वेळी हुरड्यात आली असेल, तर ते दोन क्विंटल १०० एकरांत वाटले जातात. एकरी दोन किलो. एवढे तर मळणीत सांडते. पण शिवारात एकच एकर ज्वारी असेल तर त्या एकराचे अर्धे पीक गेले. थवा तोच आणि भूकही तेवढीच.

भोरड्या वाढल्या म्हणून नुकसान वाढले असे आपण म्हणतो. ज्वारी किती कमी झाली ते बघा. १९६०-६१ साली महाराष्ट्रात ज्वारी ६० लाख हेक्टरांवर होती; आज खरीप-रब्बी मिळून २० लाखांच्याही खाली आहे. खरिपाची ज्वारी तर सोयाबीनने जवळजवळ पुसली. ज्वारी का गेली ते तुम्हाला ठाऊक आहे; भाव मिळाला नाही म्हणून गेली, भोरडीमुळे नाही. २०२३ साली भरडधान्यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष साजरे झाले, तेव्हा व्यासपीठांवर ज्वारीच्या भाकरीचे फार कौतुक झाले. पण जो एकटा शेतकरी कडब्यासाठी आणि घरच्या भाकरीसाठी दोन एकर ज्वारी करतो, त्याच्या डोक्यावर साऱ्या शिवाराची पाखरे येऊन बसतात. एकटा पडलेला ज्वारीवाला हा खरा प्रश्न आहे.

म्हणून माझे सांगणे एवढेच आहे, की ज्यांना ज्वारी करायची आहे त्यांनी ती लागून करावी आणि एका आठवड्यात पेरावी. उत्तरेत पेरायची तर सगळ्यांनी उत्तरेत, हस्तात तर सगळ्यांनी हस्तात. मागे-पुढे झालेले वावर पाखरांना सापडते. पहिले पिकणारे आणि शेवटी उरणारे, ही दोनच जास्त खाल्ली जातात. शक्यतो वाणही एक कालावधीचा घ्यावा. मालदांडी घ्यायची तर सगळ्यांनी मालदांडी, म्हणजे दाणा बरोबर भरेल. लागून पट्टा असला की राखणही पाळीने होते. दहा घरांच्या दहा माळ्यांऐवजी तीन माळे पुरतात, आणि पोरांना आठवड्यातून एक-दोन दिवसच शाळा बुडवावी लागते. तेवढीही बुडू नये, पण निदान तेवढ्यावर येईल.

काही जण विचारतात, पाखरू खाणार नाही अशी ज्वारी नाही का? आहे. लाल-तपकिरी दाण्याची तुरट ज्वारी पाखरे टाळतात, आफ्रिकेत मुद्दाम करतात. पण तिची भाकरी तुमच्या घरी कोण खाईल? वाकड्या मानेचे कणीस पाखराला धरून बसायला अवघड, कुसळाचे कणीस टोचते. अशा जुन्या जाती कोणाकडे असतील तर बियाणे जपावे, थोडा फरक पडतो. चकाकणाऱ्या फिती, बुजगावणे, बॅटरीवरचे भोंगे यांना भोरडी चार दिवस भिते; पाचव्या दिवशी बुजगावण्याच्या डोक्यावर बसते. साधन दर तीन-चार दिवसांनी बदलले, जागा हलवली आणि मधूनमधून माणूस दिसला तर उपयोग होतो. बांधावरचे पळस, पांगारा तोडू नका, कारण काढणीच्या सुमारास ती फुलली की थवे तिकडे ओढले जातात.

आणि नुकसान झाले तर ते लिहून ठेवा. रानडुकराने, नीलगायीने, हरणाने पीक खाल्ले तर पंचनामा होतो, भरपाईची तरतूद आहे. वेळेवर किती मिळते तो भाग वेगळा. पाखरांनी खाल्लेल्या कणसांचा पंचनामा करायला तलाठी बांधावर आल्याचे मी तरी पाहिले नाही. दिवसाची तारीख, वावराचा गट नंबर, शंभर कणसांतली किती खाल्ली, एवढे मोजून वहीत टाका. उद्या मागायची वेळ आली तर हातात कागद पाहिजे. पाखरू सगळ्या देशाचे, आणि दाणा मात्र एकट्या ज्वारीवाल्याचा, हा हिशेब कुठे तरी मांडावाच लागेल.

जेवण तयार आहे असा निरोप आला आहे. मावशी, तुमचे पाखरू होळीनंतर केव्हातरी निघून जाईल, न्हाणीचा दगड तेवढा तिथेच राहू द्या. पुढच्या रब्बीत लागून ज्वारी करायला ज्या गावांतली पाच-दहा घरे तयार असतील, त्यांनी जेवणानंतर पिंपळाखाली थांबावे. पाचच्या एसटीपर्यंत मी आहे.